रेझोनन्स समजून घ्यायचाय? आधी इलेक्ट्रॉन मोजा

दरवर्षी अकरावीचे प्रवेश आटोपले की सदाशिव पेठेतल्या माझ्या घरी शिकवणीची नवी बॅच सुरू होते. त्यातली निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. सहसंयुज बंध, संयुजा, इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना हे सगळं त्यांना येत असतं. अकरावीत तेच कोव्हॅलंट, व्हॅलन्सी आणि लुईस स्ट्रक्चर होऊन समोर येतं आणि मुलं बिचकतात. शब्द बदललेत, गोष्ट तीच आहे, हे सांगण्यात पहिला आठवडा जातो. मग रेझोनन्स येतो, म्हणजे एका चित्रात न मावणारा रेणू दोन-तीन चित्रांनी दाखवायची रीत, वहीत बाण वाट्टेल तिकडे उड्या मारायला लागतात आणि कार्बनला पाचवा हात फुटतो.

हा लेख त्या मुलांसाठी, एफवायबीएस्सीला नुकत्याच आलेल्यांसाठी आणि लेकीला शिकवता शिकवता स्वतःच अडलेल्या आईबाबांसाठी आहे. साहित्य थोडंसंच लागतं. अप्पा बळवंत चौकात मिळते तसली एक रफ वही, पेन्सिल, खोडरबर, मूठभर भिजवलेले हरभरे आणि टूथपिकची डबी. पेन नको.

पहिली पायरी: जमाखर्च

बंध म्हणजे दोन अणूंनी भागीत वापरलेली इलेक्ट्रॉनची जोडी. गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं ही कल्पना १९१६ साली मांडली. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी कार्बनी रसायनाची रोजची कामं अजून त्याच ठिपक्यांवर चालतात.

पाच आकडे पाठ हवेत. सर्वांत बाहेरच्या कक्षेत हायड्रोजनकडे १ इलेक्ट्रॉन, कार्बनकडे ४, नायट्रोजनकडे ५, ऑक्सिजनकडे ६ आणि क्लोरीनकडे ७. हायड्रोजनला दोन इलेक्ट्रॉन पुरतात, बाकीच्यांना आठ लागतात. म्हणून कार्बन साधारणपणे चार बंध करतो, नायट्रोजन तीन, ऑक्सिजन दोन आणि हायड्रोजन व क्लोरीन एकेक.

आता उदाहरण घेऊ, आणि शेवटपर्यंत तेच वापरू. व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल असतं. त्याच्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघून गेला की उरतो ॲसिटेट आयन. त्यात दोन कार्बन, तीन हायड्रोजन, दोन ऑक्सिजन आणि एक मायनस भार. मोजा: कार्बनचे ८, हायड्रोजनचे ३, ऑक्सिजनचे १२, मायनसचा १. एकूण २४ इलेक्ट्रॉन, म्हणजे १२ जोड्या. इथे दर बॅचला दोघं-तिघं मायनस बघून एक वजा करतात. मायनस म्हणजे इलेक्ट्रॉन जास्तीचा. उधारी नाही ती, शिल्लक आहे.

सांगाडा काढा. पहिल्या कार्बनला तीन हायड्रोजन, त्याला जोडून दुसरा कार्बन आणि त्या दुसऱ्या कार्बनवर दोन ऑक्सिजन. सगळे बंध तूर्त एकेरी. सहा बंध झाले, सहा जोड्या खर्ची पडल्या. उरलेल्या सहा जोड्या ऑक्सिजनवर मांडा, प्रत्येकी तीन. आता बघा: दोन्ही ऑक्सिजनकडे आठ झाले, पण दुसऱ्या कार्बनकडे सहाच. त्याला अजून एक जोडी हवी आणि ती एखाद्या ऑक्सिजननंच द्यायला हवी. त्यानं आपल्या तीन सुट्या जोड्यांपैकी एक कार्बनसोबत भागीत टाकली की तिथे दुहेरी बंध तयार होतो.

पण कोणत्या ऑक्सिजननं? उजव्या की डाव्या?

हा प्रश्न लगेच सोडवू नका, तो तसाच राहू द्या. हिशेबात दोघांचा दर्जा अगदी सारखा आहे. सध्या उजव्याकडून घेऊ, पेन्सिलीनं.

दुसरी पायरी: भार कुणाच्या नावावर?

याला फॉर्मल चार्ज म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम वजाबाकीचं. अणूचे स्वतःचे बाहेरचे इलेक्ट्रॉन घ्या, त्यातून त्याच्यावरचे सुटे इलेक्ट्रॉन वजा करा, मग त्याच्या बंधांची संख्या वजा करा. उजवा ऑक्सिजन: ६ वजा ४ वजा २, शून्य. डावा ऑक्सिजन: ६ वजा ६ वजा १, म्हणजे उणे एक. कार्बन: ४ वजा ० वजा ४, शून्य. सगळ्यांची बेरीज उणे एक आली आणि आयनाचा भारही तोच आहे. ही बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊच नका, कुठेतरी ठिपका राहिलाय किंवा जास्त पडलाय. मी पेपर तपासते तेव्हा रेझोनन्सचे निम्मे गुण याच पायरीवर गेलेले दिसतात. विद्यार्थ्याला मात्र वाटतं, की आपल्याला रेझोनन्स कळत नाही.

आता हरभरे

कागदावर मिथेनचा कार्बन अधिकच्या चिन्हासारखा दिसतो आणि मुलांच्या डोक्यात काटकोन पक्का बसतो. एका हरभऱ्यात चार टूथपिक अशा खोचा, की त्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब राहतील. आपोआप तिपाईसारखा आकार येईल आणि चौथी टूथपिक वर जाईल. हा कोन १०९.५ अंशांचा. दुहेरी बंध असलेल्या कार्बनला तीनच दिशा लागतात, म्हणून सपाट आणि १२० अंश. तिहेरी बंध असला की सरळ रेषा, १८० अंश. यांनाच एसपी-थ्री, एसपी-टू आणि एसपी म्हणतात. हायब्रिडायझेशनवर वर्गात दोन-दोन आठवडे जातात. सुरुवातीला इतकंच पुरे.

महत्त्वाचं आहे ते दुहेरी बंधाचं पोट. त्यातला पहिला बंध सिग्मा, दोन अणूंच्या थेट मधोमध, घट्ट. दुसरा पाय (π) बंध, रेणूच्या सपाटीच्या वर आणि खाली पसरलेला, पोळीला दोन्ही बाजूंनी तूप लावावं तसा. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात आणि दुहेरीला सुमारे ६१०. म्हणजे दुहेरी हा दुप्पट मजबूत नसतो, पाय बंध सिग्मापेक्षा कमजोर असतो. रेझोनन्समध्ये हलतात ते पाय बंधातले आणि सुट्या जोड्यांमधले इलेक्ट्रॉन. सिग्माला हात लावायचा नाही.

उजवा की डावा?

आता मघाच्या प्रश्नाकडे. दुहेरी बंध उजवीकडे काढला तर उजवा बंध आखूड आणि डावा लांब असायला हवा. एकेरी कार्बन-ऑक्सिजन बंध साधारण १४३ पिकोमीटरचा असतो, दुहेरी साधारण १२१ चा. ॲसिटेटमध्ये प्रत्यक्ष मोजलं तर दोन्ही बंध सारखेच भरतात, १२५ ते १२७ च्या आसपास. एकेरीही नाहीत, दुहेरीही नाहीत. भारही दोन्ही ऑक्सिजनवर निम्मा-निम्मा.

म्हणजे आपण काढलेलं चित्र चुकलं का? अपुरं पडलं. एक रेघ किंवा दोन रेघा एवढंच आपल्या लिपीत आहे, दीड रेघ काढायची सोय नाही. म्हणून आपण दोन चित्रं काढतो, एकात दुहेरी बंध उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे, आणि मध्ये दोन्ही टोकांना अणकुची असलेला बाण घालतो: ↔. खरा ॲसिटेट या दोन्हींचा मिळून एकच आहे. त्याला रेझोनन्स हायब्रिड म्हणतात.

मुलं हमखास विचारतात, "मॅडम, मग तो किती वेगानं इकडून तिकडे बदलतो?" तो बदलत नाही. संगमाच्या पुढे, बंडगार्डनच्या पुलाखालून जी नदी वाहते तिला आपण मुळा-मुठा म्हणतो. ती पाच मिनिटं मुळा आणि पाच मिनिटं मुठा अशी वाहत नाही. एकच पाणी असतं, नाव मात्र दोन नावं जोडून घ्यावं लागतं. आणि दोघींचा वाटा दर वेळी सारखा असेलच असंही नाही. खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की त्या पाण्यात मुठेचं पारडं जड होतं. काही रेणूंमध्येही एका चित्राचा वाटा दुसऱ्यापेक्षा मोठा असतो. ही उपमा इथेच सोडा, कारण मुळा आणि मुठा संगमाच्या वरच्या अंगाला खरोखर वेगवेगळ्या वाहतात. रेझोनन्सची सुटी चित्रं कुठल्याही बाटलीत कधीच नसतात, ती फक्त आपल्या वहीत असतात.

"बदलतो" म्हणणाऱ्याला लाज वाटायचं कारण नाही. बेंझीन फॅरेडेनं १८२५ साली वेगळं केलं. त्यातल्या सहा कार्बनची साखळी वर्तुळात जोडलेली आहे, हे केकुलेनं १८६५ मध्ये सुचवलं, आड-एक दुहेरी बंध घालून. पण मग लगतच्या दोन कार्बनवर क्लोरीन लावले तर दोन वेगळे पदार्थ मिळायला हवेत, एकात मध्ये दुहेरी बंध आणि दुसऱ्यात एकेरी. मिळतो एकच. यातून सुटण्यासाठी १८७२ मध्ये केकुलेनं म्हटलं, की बंध सतत अदलाबदल करत असतात. म्हणजे तुमची चूक थेट केकुलेचीच आहे. १९३० च्या दशकात लायनस पॉलिंगनं क्वांटम यांत्रिकीच्या आधारानं रेझोनन्सची मांडणी केली, तेव्हा अदलाबदलीची गरज उरली नाही. बेंझीनचे सहाही बंध १३९ पिकोमीटरचे आहेत. साधा कार्बन-कार्बन एकेरी बंध १५४ चा आणि दुहेरी १३४ चा.

यानं बेंझीनला मिळतं काय? स्वस्थता. सायक्लोहेक्झीनमध्ये एक दुहेरी बंध असतो, त्याला हायड्रोजन जोडला की मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन दुहेरी बंधांच्या बेंझीनमधून ३६० पडायला हवी. पडते सुमारे २०८ च. मधले दीडशे किलोज्यूल बेंझीननं आधीच गमावलेले असतात, म्हणून ते शांत बसतं आणि दुहेरी बंधवाल्या इतर रेणूंसारखं ब्रोमीनवर पटकन तुटून पडत नाही.

बाण कसे काढायचे

पेन्सिल आणि खोडरबर यासाठीच. वाकडा बाण म्हणजे इलेक्ट्रॉनच्या एका जोडीचा प्रवास. त्याची शेपटी इलेक्ट्रॉनवरच हवी, सुट्या जोडीवर किंवा पाय बंधावर. प्लस चिन्हापासून बाण काढू नका. तिथे इलेक्ट्रॉन कमी आहेत, नसलेला माल कसा हलवणार?

चाली तीनच. सुटी जोडी शेजारी उतरून बंध होते. पाय बंध एका टोकाच्या अणूवर जाऊन सुटी जोडी होतो. किंवा पाय बंध सरकून शेजारच्या जागी नवा पाय बंध होतो. ज्या अणूकडे आठ पूर्ण आहेत, त्याच्याकडे नवी जोडी आली तर जुनी एक बाहेर पडलीच पाहिजे. नाहीतर तोच तो पाच हातांचा कार्बन. ॲसिटेटमध्ये डाव्या ऑक्सिजनची सुटी जोडी बंधात उतरते आणि त्याच वेळी उजवीकडचा पाय बंध उजव्या ऑक्सिजनवर चढतो. दोन बाण, एकाच वेळी. चित्र झालं की परत २४ मोजा आणि एकूण भारही परत तपासा.

अणू जागचे हलत नाहीत. एका चित्रात हायड्रोजन ऑक्सिजनवर आणि दुसऱ्यात कार्बनवर असेल, तर तो रेझोनन्स नाही. ते दोन खरे वेगळे पदार्थ आहेत, त्याला टॉटोमेरिझम म्हणतात आणि मध्ये ⇌ ही खूण येते. या दोन खुणांची गल्लत माझ्या बॅचमध्ये एमएस्सीपर्यंत जाऊन आलेल्यांनीही केली आहे.

बाण काढण्यासारखी जागा ओळखायची कशी? दुहेरी बंधापासून एकच एकेरी बंध दूर सुटी जोडी, प्लस भार किंवा दुसरा दुहेरी बंध आहे का ते बघा. जुन्या वाड्यातली सलग गॅलरी आठवा: एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला जाते, पण मध्ये कुणी भिंत घातली की संपलं. चार एकेरी बंधांचा कार्बन ही ती भिंत. त्याच्यापलीकडे बाण जात नाही.

कोणत्या चित्राचा वाटा मोठा?

ॲसिटेटमध्ये वाद नाही, दोघं सारखे. इतरत्र क्रम लक्षात ठेवा आणि क्रम मोडू नका. आधी बघा, सगळ्यांचे आठ पूर्ण आहेत का. मग बघा, भार किती कमी आहेत. त्यानंतरच मायनस कुणावर आहे ते बघायचं. विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद, कार्बनची २.५५, नायट्रोजनची ३.०४ आणि ऑक्सिजनची ३.४४, तेव्हा मायनस ऑक्सिजनवर शोभतो.

बहुतेक जण तिसरा नियम पहिला लावून फसतात. समजा एका चित्रात कार्बनवर प्लस आहे आणि त्याच्याकडे सहाच इलेक्ट्रॉन आहेत. दुसऱ्यात शेजारच्या ऑक्सिजननं जोडी दिली, प्लस ऑक्सिजनवर आला, पण सगळ्यांचे आठ भरले. वाटा दुसऱ्याचा मोठा. ऑक्सिजनवर प्लस बघून अंगावर काटा येतो खरा, पण आठ पूर्ण होणं आधी.

हे सगळं करून उपयोग काय

व्हिनेगर आंबट असतं, पण अल्कोहोल आम्लासारखं वागत नाही. दोन्हींत ऑक्सिजनवर हायड्रोजन आहे. हायड्रोजन किती सहज सुटतो ते सांगणारा आकडा म्हणजे पीकेए: जितका लहान तितका सहज, आणि एकाचा फरक म्हणजे दहा पट. ॲसिटिक आम्लाचा पीकेए ४.७६, इथेनॉलचा, म्हणजे नेहमीच्या अल्कोहोलचा, सुमारे १६. हा फरक अकरा शून्यांचा, म्हणजे सुमारे दहा हजार कोटी पटींचा. हायड्रोजन सोडल्यावर ॲसिटेटला मायनस दोन ऑक्सिजनवर वाटता येतो, इथेनॉलपासून उरलेल्या इथॉक्साइडमध्ये तो एकट्या ऑक्सिजनलाच वाहावा लागतो. अर्थात सगळं श्रेय रेझोनन्सला देऊ नका, शेजारचा कार्बन-ऑक्सिजन गटही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून मदत करतो. परीक्षेत दोन्ही लिहा. फिनॉल, म्हणजे बेंझीनच्या वलयावर ऑक्सिजन-हायड्रोजन लावलेला रेणू, मधे बसतं, पीकेए १०. त्याचा मायनस वलयातल्या तीन कार्बनपर्यंत पसरतो, पण कार्बनवरचा मायनस ऑक्सिजनवरच्याइतका सुखाचा नाही.

हा पसरलेला मायनस डोळ्यांनी बघायचा असेल तर चिमूटभर हळद पाण्यात कालवा आणि पानवाल्याकडचा चुना त्यात घाला. पिवळ्याचा लाल होतो. हळदीपासून कुंकू करायची जुनी रीत हीच. हळदीतल्या कर्क्युमिनच्या दोन टोकांना फिनॉलसारखी वलयं आहेत आणि मध्ये आड-एक दुहेरी बंधांची सलग गॅलरी. चुन्यानं हायड्रोजन काढून घेतला की मायनस त्या साखळीभर पसरतो, शोषला जाणारा प्रकाश बदलतो आणि रंगही. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. वरणाच्या डागावर साबण लावल्यावर शर्ट लाल का होतो, हे आता आईला सांगता येईल. आणि उन्हात वाळवल्यावर डाग फिका पडतो, कारण प्रकाशानं ती साखळीच तुटते.

सरावासाठी चार आकृत्या, याच क्रमानं: ओझोन (१८ इलेक्ट्रॉन, दोन चित्रं), कार्बोनेट आणि नायट्रेट (प्रत्येकी २४, तीन-तीन चित्रं), आणि शेवटी फॉर्मामाइड, म्हणजे सगळ्यांत लहान अमाइड (१८). ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या कार्बनला नायट्रोजन जोडलेला असला की ते अमाइड. शेवटचं नीट वेळ देऊन करा. त्यात नायट्रोजनची सुटी जोडी कार्बनकडे उतरते आणि पाय बंध ऑक्सिजनवर चढतो. नायट्रोजनवर प्लस आणि ऑक्सिजनवर मायनस असलेलं हे चित्र भारांमुळे दुय्यम, पण त्याचा वाटा चांगलाच जाणवतो. साधा कार्बन-नायट्रोजन बंध १४७ पिकोमीटरचा, अमाइडमध्ये तो सुमारे १३३ चा होतो, सहज फिरत नाही, आणि तो सगळा भाग सपाट राहतो. डाळीतल्या, दुधातल्या, तुमच्या केसांतल्या प्रथिनांची साखळी याच सपाट तुकड्यांची आहे. पॉलिंगनं १९५१ मध्ये सहकाऱ्यांसह प्रथिनांची अल्फा-हेलिक्स ही मळसूत्री रचना मांडली, ती अमाइड सपाटच असणार हे धरून.

आणि जिथे हा रेझोनन्स जमत नाही? पिंपरीकर जिला नुसतं 'एचए' म्हणतात, ती हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पेनिसिलिन बनवण्यासाठी उभी राहिली. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक वलय आहे, बीटा-लॅक्टम. ते आहे असं डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं. त्या वलयात अमाइडच आहे, पण कोन नव्वदच्या आसपास दाबलेले आणि शेजारी आणखी एक वलय चिकटलेलं. त्यामुळे नायट्रोजन सपाट बसू शकत नाही, त्याची जोडी पाय बंधाशी नीट समांतर येत नाही आणि गॅलरी तुटते. रेझोनन्सचा आधार गेलेला हा कार्बन चटकन हल्ल्याला सापडतो. जिवाणूची भिंत बांधणारं एन्झाइम त्यावर चाल करतं, वलय उघडतं, आणि एन्झाइम कायमचं त्यालाच चिकटून बसतं. भिंत अर्धवट राहते.

उरलेल्या हरभऱ्यांनी तो चौकोन करून बघा. आधी टूथपिकच्या टोकानं प्रत्येक हरभऱ्याला १२० अंशांवर भोकं पाडून घ्या आणि मग त्याच भोकांतून चार बाजू जुळवा. तीन सहज बसतात. चौथी वाकवून बसवायला गेलं की माझ्याकडे दर वर्षी कुणाचा ना कुणाचा हरभरा फुटतो.